मागुरावरचं गवत

मागुरा डोंगरावरचं कुरण पार वाया गेलं होतं. सुयांसारखं राठ, पिवळट गवत तेवढं माजलेलं. मेंढ्या तोंड लावून पुढे जायच्या. गावानं कुरणाची देखरेख इलारीकडे सोपवली, आणि त्यानं ते सुधारायचंच असं मनावर घेतलं.

"नांगर नको, उतारावरची माती वाहून जाईल," त्यानं सभेत सांगितलं. "नुसतं खरवडू, वरून क्लोव्हरसारख्या चाऱ्याचं आणि चांगल्या गवताचं बी टाकू. पण दोन उन्हाळे एकही मेंढी वर जाता कामा नये."

"आणि दोन उन्हाळे मेंढ्यांना काय घालू, तुझं भाषण?" त्याचा थोरला भाऊ गाव्रिला मागून म्हणाला. लोक हसले. सगळ्यात मोठा कळप त्याचाच होता.

"दादा, खालचं गवत कापून भागव."

"तुझी एक गाय. तुझं भागेल."

तरी हात वर झाले, बंदी ठरली. बर्फ वितळल्यावर लोखंडी दाताळी ओढून त्यांनी कुरण ओरखडलं, हातानं बी फेकलं. कोंब वर येत होते तेवढ्यात गाव्रिलाच्या मेंढ्या आत शिरल्या. इलारीनं त्या साऱ्या गावादेखत हाकत आणून कोंडवाड्यात घातल्या. सख्ख्या भावाला सोडलं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवणार?

गाव्रिलानं दंड भरून मेंढ्या सोडवल्या. त्या हिवाळ्यात त्याचा चारा संपला. कळप व्यापाऱ्याला देऊन तो जर्मनीला, मांसाच्या कारखान्यात गेला. पाठोपाठ उरलेल्या चौघांनीही मेंढ्या विकल्या.

बंदी उठली तेव्हा गवत गुडघ्याच्या वर आलं होतं, क्लोव्हर फुललं होतं. चरायला मात्र इलारीची गाय आणि म्हाताऱ्या सावेताच्या चार शेळ्या उरल्या.

ऑगस्टमध्ये गाव्रिला सुट्टीवर आला. इलारी त्याच्या घरी गेला.

"दादा, एकदा वर चल. बघ तरी."

"इथून दिसतंय की." गाव्रिलानं सुजलेली बोटं टेबलावर ठेवली. मूठ नीट मिटत नव्हती. "दिवसभर मेंढ्याच सोलतो मी तिथं. आणखी काय बघू?"

"मी गावासाठी केलं रे."

"हो ना. मग खा आता ते गवत गावाला घेऊन."

वहिनीनं इलारीपुढे मक्याच्या पिठाच्या घट्ट मामालिगाचं ताट ठेवलं. वर चीज होतं, दुकानातलं, पाकिटातून काढलेलं. इलारीनं खाली मान घालून सगळं संपवलं.

गाव्रिला परत गेला त्या दिवशी इलारी बसपाशी गेला नाही. थंडी पडली तसं उभं गवत आडवं होऊन कुजायला लागलं. मधूनच जंगलातल्या फर झाडांची रोपं उगवली होती. अजून हातानं उपटता आली असती, नाहीतर काही वर्षांत कुरणाचं रान होणार होतं. इलारी त्यांच्याकडे बघत बसला आणि मग खाली उतरला.