पाटलांचा जबाब

नोहा साळवे यांच्या वडिलांना गावानं चावडीच्या पायरीवर कधी बसू दिलं नव्हतं. नोहा पोलीस पाटील झाले तेव्हा त्याच चावडीत सरकारनं त्यांना खुर्ची दिली. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं हे उसाचं गाव. जागा राखीव निघाली, नोहांनी परीक्षा दिली, पास झाले आणि गाव त्यांना पाटील म्हणायला लागलं. सत्ता देवाकडून येते, अधिकारी हा देवाचा सेवक, चांगलं वागणाऱ्यानं त्याला भ्यायचं कारण नाही, हे ते लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले होते. स्वतःच्या आयुष्यात त्यांना ते खरं झालेलं दिसलं. रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना तेच करायचे. तलाठ्यापासून राष्ट्रपतीपर्यंत सगळे त्यात यायचे, पोलीस ठाण्याचे साहेबही.

गेल्या हंगामात गावाबाहेर पाथर्डीकडची ऊसतोड टोळी उतरली होती. एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली आणि शेतकऱ्यानं टोळीतल्या वाल्मिकचं नाव घेतलं. वाल्मिक विशीतला. आई छबूबाईबरोबर तोडीला आलेला. दुपारी पोलिसांची जीप आली. साहेबांनी रस्ता दाखवायला पाटलांना बरोबर घेतलं.

वाल्मिक मोळी बांधत होता. जीप बघून तो मागं सरकला. त्याच्या पाठीशी उभा ऊस होता. आत शिरला असता तर कुणाला सापडला नसता. पाटील जवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मी नाही घेतली मोटार,” वाल्मिक म्हणाला.

“मग भ्यायचं कशाला? साहेबांना खरं काय ते सांग. मी हाय ना. सांच्यापात्तुर सोडत्याल.”

तो पाटलांबरोबर चालत गेला आणि जीपमध्ये बसला. छबूबाई कोयता हातात घेऊन बघत होती. पाटलांनी तिला, काळजी करू नको, अशी हातानंच खूण केली.

संध्याकाळी त्यांनी ठाण्यात फोन लावला. उद्या सोडतो, असं उत्तर मिळालं. सकाळी त्यांनाच बोलावणं आलं. वाल्मिक रात्री कोठडीतच मेला होता.

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला.

“आपण पकडायला गेलो, पोरगं पळालं, कॅनॉलच्या भिंतीवरून पडलं. डोक्याला मार लागला. तुम्ही तिथंच होता. तेवढा जबाब द्या.”

“साहेब, त्यो पळाला न्हाई. चालत आला.”

“पाटील, तुम्ही आमचेच आहात ना?”

“व्हय साहेब.”

“मग?”

“त्यो चालत आला, साहेब.”

चहावर साय धरली. साहेब चिडले नाहीत. घरी जाऊन विचार करा, म्हणाले.

पाटील घरी येऊन ओट्यावर बसले. बायकोनं, मरियाबाईंनी, विचारलं तेव्हा त्यांनी सगळं एका वाक्यात सांगितलं. रडू आलं नाही, रागही आला नाही. दात काढताना भूल दिली की कुणीतरी ओढतंय एवढंच कळतं, तसं त्यांना झालं होतं. मरियाबाईंनी ताट वाढलं. ते जेवले.

दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब आले. साहेबांचा माणूस त्यांच्याकडं जाऊन आला असावा.

“नोहाभाऊ, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असं शास्त्रच सांगतं. आपण मूठभर माणसं. उद्या चर्चवर काही आलं तर?”

“अधीन हायच मी,” पाटील म्हणाले. “त्यांनी काढलं तर निघतो. आत टाकलं तर जातो, पळत न्हाई. पण देवानं त्यांना सत्ता दिली ती खोटं बोलायला लावायला दिली, असं मला वाटत न्हाई.”

“माणसानं सांभाळून—”

“पाळकसाहेब, त्याला मी सांगितलं भिऊ नको म्हणून.”

 पाळकसाहेब प्रार्थना न करताच उठले. असं ते कुणाच्या घरून कधी उठत नसत.

रविवारी पाटील नेहमीसारखे प्रार्थनेला उभे राहिले. पावसापाण्यासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं. राज्यकर्त्यांपाशी आले आणि थांबले. लोक डोळे मिटून वाट बघत होते. एका बाळाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. शेवटी पाटील म्हणाले, “प्रभू, त्यांना तुझं भय दे.” आणि खाली बसले. पाळकसाहेबांनी मोठ्यानं आमेन म्हटलं.

वाल्मिकच्या मृत्यूची चौकशी नगरला न्यायाधीशांसमोर झाली. पाटलांनी बघितलं तेवढंच सांगितलं. त्याआधीच, कामात हलगर्जी केली म्हणून, त्यांना निलंबित केलं होतं. ज्याची मोटार गेली त्या शेतकऱ्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. साहेबांची बदली झाली आणि त्यांच्यावरचा खटला कोर्टात उभा राहिला. तो अजून चालूच आहे. तुम्ही मोठं काम केलं, असं कुणी म्हणालं की पाटील दुसरीकडं बघायचे.

जबाब झाला त्या दिवशी छबूबाई कोर्टाबाहेर लिंबाखाली बसली होती. पाटील तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, मीच त्याला जीपमधी बसवलं.”

“माहितंय. मी तिथंच व्हते.”

 ती शिव्या देईना, रडेना. पदराला लागलेली माती ती नखानं काढत होती.

“पुन्हा विचारलं तं पुन्हा हेच सांगताल ना?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“किती बी वेळा?”

“किती बी वेळा.”

तिनं मान हलवली. पाथर्डीची गाडी कुठं लागते, असं तिनं विचारलं. पाटील तिला स्टँडपर्यंत घेऊन गेले. गाडी भरलेली होती. कंडक्टरला सांगून त्यांनी तिला दाराजवळ जागा करून दिली. गाडी सुटली तेव्हा छबूबाई समोरच्या दांडीला धरून सरळ पुढं बघत होती. पाटील आपल्या गाडीची पाटी शोधायला लागले. समोरची अक्षरं त्यांना वाचता येत होती, पण त्यांतून गावाचं नाव लागत नव्हतं. शेवटी त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं.