हंडा भरला आणि नाटक घडलं

"येतेस का? नाटक बसवलंय. आमच्या मराठीत!" मंजुळाने फोनवर विचारलं आणि तिचं बोलणं संपायच्या आत मी तिकिटं शोधायला लागले. पुण्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. तिचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरकडे गेलेले. घर आता कुंभकोणमला.

थेट कुंभकोणमला रेल्वे आहे, पण तंजावरला उतरून बस घ्या आणि खिडकी पकडा. पापनाशमपर्यंत डोळे भरून भातशेती! उतरल्या उतरल्या पितळी पेल्यातली फेसाळ कॉफी प्यायले. इडलीवर इथे 'कडप्पा' घालतात, बटाटा आणि मूगडाळीची पातळ भाजी. मी तीनदा मागून घेतली.

गावातल्या मेलकावेरी भागातल्या घरी मंजुळाचे वडील, अप्पा, पेपर वाचत होते.

"संध्याकाळी येणार ना, अप्पा?"

"घरातलं बोलणं घरात. बाहेर लोक हसतील."

"हसायलाच तर केलंय!"

अप्पांनी पेपर वर धरला. स्वयंपाकघरात मंजुळा हळूच म्हणाली, "माझी पोरंसुद्धा तमिळच बोलतात गं. अप्पाही आले नाहीत, तर मी हे केलं कुणासाठी?"

गोष्ट ग्रीक पुराणातली. नवऱ्यांना ठार मारणाऱ्या बहिणींना पाताळात शिक्षा होते: भोक पडलेलं भांडं भरत राहायचं, कायमचं. मंजुळाच्या नाटकात त्यांतल्या तिघी पाणी ओतता ओतता नवऱ्यांची उणीदुणी काढतात. लग्नाचा छोटा हॉल, स्टेजवर तळाला भोक असलेला पितळी हंडा. जुन्या वळणाचं ते मराठी मला निम्मंच कळलं, पण हसून पोट दुखलं.

आणि मग घोटाळा झाला! मधलीच्या केसांतला गजरा हंड्यात पडला, भोक बुजलं. पाणी काठाला आलं.

"अगे, भरलं!" ती घाबरून म्हणाली.

तिघी हंड्यात डोकावल्या. हंडा भरला म्हणजे शिक्षाच संपली, आणि नाटकही!

मागून दारातून आवाज आला, "मग ओता की गे! पुन्हा भरा!"

अप्पा! हॉलभर हशा उसळला. थोरलीच्या वेशातली मंजुळा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आम्ही अस्की दमलो. तुम्हीच या ओतायला!"

अप्पा वेष्टी सावरत खरंच स्टेजवर चढले आणि हंडा उलटा केला. पुढच्या रांगेने पाय वर घेतले. मंजुळा हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी पुण्याला परतले तरी 'अस्की', म्हणजे सगळी, हा शब्द जिभेवरून जात नाही. देवळं पुष्कळ पाहिली, फोटोही आहेत, पण कुणी विचारलं की मी तो हशाच सांगते. काल मंजुळाचा फोन आला. पुढचा प्रयोग तंजावरला ठरलाय, आणि अप्पांना त्यात काम हवंय.

"पाणी ओतायचं?"

"छे! म्हणतात, वाक्यं पाहिजेत."