बंडीचा आतला खिसा

माझे काका एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास धावड्यातल्या राहत्या घरी वारले. वय अडुसष्ट. दुपारी तीनला अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या मागे पत्नी, एक विवाहित मुलगी आणि दारात उभी असलेली एक पांढरी कार होती. कारचं नोंदणीपत्र घरात नाही, हे अकराव्या दिवशी कळलं.

काका अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. ऊस घेऊन आलेल्या गाड्यांच्या चिठ्ठ्या एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काट्यावरची माणसं महत्त्वाचा कागद टेबलावर ठेवत नसत, अंगावर ठेवत. काका निवृत्त झाले, पण ही सवय गेली नाही. ते मांजरपाटाची शिवून घेतलेली बंडी घालत. तिला बाहेरून दोन खिसे होते आणि आतून एक. निवृत्तीनंतर घेतलेल्या कारचं आरसीचं कार्ड त्या आतल्या खिशात असे. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

त्या मंगळवारी काकांना शेवटची अंघोळ घालताना बंडी मी उतरवली. बाहेरचे दोन्ही खिसे पाहिले. एकात चष्मा होता, दुसऱ्यात गाडीची किल्ली. दोन्ही मी काकूकडे दिली. आतला खिसा पाहिला नाही. उतरवलेले कपडे आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, तिरडीबरोबर नेऊन सरणावर टाकतात. बंडीही टाकली.

कार्ड त्या दिवशी बंडीत होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. कपाट, पेट्या, गाडीचा डॅशबोर्ड, गादीखालचे कागद, सगळं दोन दिवस शोधलं. सापडलं नाही.

मी जालन्यात एका दैनिकात काम करतो. कचेऱ्यांत जाणं-येणं असतं, म्हणून तेराव्याच्या दिवशी भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी गाडीचं काम माझ्याकडे दिलं. काकांना मुलगा नाही. गाडी तूच ने, असंही त्यांनी त्याच बैठकीत सांगितलं. ओसरीवर आम्ही आठ-नऊ पुरुष होतो. काकू आत होती. नाही कोणी म्हटलं नाही.

मालक वारल्याचं आरटीओला महिन्याच्या आत कळवायचं असतं आणि वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. कळवण्याचं पत्र मी सोळाव्या दिवशी दिलं. मग कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एजंटाकडे गेलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि अडचण एका वाक्यात सांगितली.

"माणूस हयात असता तर हरवलेल्या आरसीची दुसरी प्रत एका अर्जात निघाली असती, भाऊ. आता अर्जावर सही करणार कोण?"

वाटही त्यानेच सांगितली. मृत्यूचा दाखला, कार्ड हरवल्याचा पोलिसांचा दाखला, विमा, पीयूसी, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप, आणि बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीची प्रतिज्ञापत्रं. बाकीचे म्हणजे काकू आणि काकांची मुलगी, असं मी धरलं. मी कोरे अर्ज घेतले आणि त्या दिवशी कचेरीत बसून भरले. नवीन मालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

पोलीस ठाण्यात मी लेखी अर्ज घेऊन जाणार होतो. न विचारता लिहिलेलं काही द्यायचं नाही, ही कामातली सवय. म्हणून आधी तो धावड्याला नेऊन काकूला वाचून दाखवला. त्यात बंडीची हकिकत जशी घडली तशी होती. आतला खिसा मी तपासला नाही, हे वाक्यही होतं. काकू तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"त्यात व्हतं, हे तुला पक्कं ठाव आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग तसंच लिही. व्हतं म्हणू नको अन् नव्हतं म्हणू नको." आणि थोड्या वेळाने, "व्हतं असलं तर त्यांच्यासंगं गेलं. दुसरं तर कोणाच्या हाती न्हाई लागलं."

पोलिसांच्या अर्जात चेसिस नंबर हवा होता. डॅशबोर्डात विम्याची झेरॉक्स होती, पण घडीवर शेवटचे आकडे पुसले होते. मी जालन्यात कोणाला तरी फोन करायला निघालो तेव्हा काकू म्हणाली, "दारावर हाय की."

कोठीच्या दाराच्या आतल्या अंगाला काकांनी पेन्सिलने गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि गाडी घेतल्याची तारीख लिहून ठेवली होती. अक्षर काट्यावरच्या चिठ्ठीसारखं, प्रत्येक आकडा सुटा. नंतर गाडीवरून घेतलेल्या छापेशी चेसिस नंबर ताडून पाहिला. एकही आकडा चुकला नव्हता.

ठाण्यातल्या हवालदारांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"साहेब, असं कोणी लिहितं का? भोकरदनहून जालन्याला जाताना प्रवासात गहाळ झालं, इतकंच लिहा. काम जल्दी होतं."

ते प्रवासात हरवलेलं नाही, असं मी सांगितलं.

"मंग सरणावर जळालं म्हणून दाखला देऊ? आमचे साहेब विचारतील, पंचनामा कुठंय. राख आणून दाखवता का?"

जळालं असंही माझं म्हणणं नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच म्हणणं होतं. तुम्ही पेपरवाले लोक दुसऱ्यांबद्दल कायम "कळते", "समजते" लिहिता आणि स्वतःच्या वेळेला बरे पक्के होता, असं म्हणून हवालदारांनी रजिस्टर ओढलं. दाखल्यावर अखेर वाक्य असं आलं: नक्की ठिकाण व वेळ माहीत नाही, शोध घेऊनही मिळून आले नाही. ते मला मान्य होतं.

आता दोन प्रतिज्ञापत्रं राहिली. मी ती भोकरदनला टाइप करून घेतली आणि रविवारी धावड्याला गेलो. ताई आली होती. ताई म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. भोकरदनला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काकांनी त्या कारवर तिला चालवायला शिकवलं होतं. काकूच्या डोळ्यांत दर महिन्याला जालन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. काका असताना ते नेत. ते गेल्यावर पहिल्या महिन्यात ताईने रजा टाकून बसने नेलं होतं. भोकरदनला बस बदलावी लागली, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली काकू येताना स्टँडवर पावणेदोन तास बसून होती.

मी कागद पुढे केले, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. काकूने पेन घेतलं. ताईने तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"आधी वाचू दे."

तिने दोन्ही प्रतिज्ञापत्रं वाचली. मग माझ्या हातातली फाईल मागितली आणि अर्जही वाचला. शाळेत वही तपासावी तसा, ओळीवर बोट ठेवून. नवीन मालकाच्या रकान्यावर बोट थांबलं.

"हे कोणी ठरवलं?"

बैठकीत ठरलं, असं मी सांगितलं.

"बैठकीत मी नव्हते. आई आत होती." तिचा आवाज चढला नव्हता. "गेल्या साली माझ्या सासरी नणंदेला बोलावलं. पीक विम्याचा कागद आहे म्हणून सही घेतली. तो जमिनीच्या हक्कसोडीचा निघाला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. तवापासून मी कागद वाचून राह्यले."

हा जमिनीचा कागद नाही, फक्त गाडीचा आहे, असं मी म्हणालो.

"वाचलं ना मी. फक्त गाडीचाच आहे. पण गाडी कुणाची, ते आईला कोणी विचारलंय?"

मी विचारलं नव्हतं. काकूकडे तीन वेळा जाऊन आलो होतो. अर्जातल्या प्रत्येक घटनेची खात्री केली होती. दारावरचा नंबर दोनदा ताडला होता. मालकाचं नाव मात्र कोणालाही न विचारता लिहिलं होतं.

ताईने आईकडे पाहिलं. "बोल. तुझ्या मनात काय आहे?"

दारातल्या गाडीकडे काकूची पाठ होती, ती वळली नाही.

"गाडी माझ्या दारात राहू दे," ती म्हणाली. "मला चालवता येत न्हाई म्हणून माझी न्हाई का? बैल तरी मी कुठं हाकीत होते. दावणीला होते तवर आपलेच होते ना." मग माझ्याकडे बघून, "तुला लागली तर घेऊन जा की रे. पण विचारून ने."

ताई हसली. मी अर्ज फाडला नाही, कारण मागच्या बाजूला छाप चिकटवलेली होती. छाप काढून घेतली आणि उरलेल्या कोऱ्या अर्जावर लावली. नवीन मालकाच्या रकान्यात काकूचं नाव ताईने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. प्रतिज्ञापत्र आता एकच लागणार होतं, ताईचं. ते तिने सोमवारी भोकरदनला स्वतः करून घेतलं. त्यात एक ओळ तिने सांगून घातली होती: ही संमती या वाहनापुरतीच आहे, इतर कोणत्याही मालमत्तेशी तिचा संबंध नाही.

एजंटाने नवी फाईल चाळून मान डोलावली.

"हे बराबर केलं, भाऊ. पुतण्याचं नाव असतं तर खिडकीवरून फाईल परत आली असती. बायको अन् मुलगी असताना पुतण्या वारस न्हाई. आधी काकूच्या नावावर, मंग तुमच्या, असं दोनदा करावं लागलं असतं."

पहिल्या दिवशीच हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तुम्ही विचारलं न्हाई. वारसाचे अर्ज म्हणाले, मी दिले. नाव कोणाचं टाकणार, हे मला काय माहीत?"

तपासणीच्या दिवशी ताई गाडी चालवत जालन्याला घेऊन आली. काकू शेजारच्या सीटवर होती. निरीक्षकांनी बॉनेट उघडायला लावलं, नंबर पाहिला, छापेशी ताडला आणि मालक कोण म्हणून विचारलं. मी पुढे झालो होतो. काकू म्हणाली, "मी." सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि त्याला वेळ लागला. मागे रांग होती. निरीक्षक थांबले.

काका गेल्यापासून त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. अर्ज दाखल झाल्याची पावती मुदतीच्या आत मिळाली.

कार्ड पोस्टाने धावड्याला आलं. ताईने त्याचा फोटो मला पाठवला. मालकाच्या रकान्यात काकूचं नाव आहे. त्याखाली पतीच्या रकान्यात काकांचं. चेसिस नंबर कोठीच्या दारावर आहे तोच.

पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला ताई काकूला घेऊन जालन्याला आली. दवाखाना आटोपून दोघी दुपारी दोनला त्याच गाडीने नवीन जालन्यातून निघाल्या. घरी पोचल्याचा काकूचा फोन पावणेपाचला आला.