आपटेबाई

कारखान्यात नवीन लागलेला माणूस पहिले काही दिवस त्यांना बिनधास्त ‘आपटेमॅडम’ म्हणायचा आणि त्याही ओ द्यायच्या. मग कधीतरी त्याला कळायचं, की यांचं आडनाव साळवे, नाव रूथ, आणि आपटे हे आडनाव कामगारांनी बहाल केलेलं आहे. हातात आलेली वस्तू त्या आधी आपटायच्या आणि मग तिच्याकडे बघायच्या. एका दिवाळीला शेठनी सगळ्यांना जेवणाचे डबे वाटले. मॅडमनी आपला डबा तिथेच, शेठच्या टेबलासमोर, फरशीवर आपटला. झाकणाचे दोन तुकडे झाले. “घरी आमटी भरल्यावर फुटण्यापेक्षा हे बरं,” असं म्हणत त्यांनी तुकडे उचलले. शेठ हसले, पण ओठांपुरतेच.

नगरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना प्लास्टिकचे सुटे भाग बनवायचा. मी क्वालिटीत, म्हणजे तयार माल तपासायच्या कामावर होते आणि मॅडम डिझाइनच्या प्रमुख. पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. स्वच्छ आणि तोडून टाकणारं बोलणं त्यांच्याकडूनच आलेलं. डावा हात कोपरात पुरता सरळ होत नसे. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

मोटारींचे भाग करता करता शेठनी रायफलीच्या मॅगझिनचं काम आणलं. मॅगझिन म्हणजे रायफलीच्या पोटाखाली लावायची गोळ्यांची पेटी. आतली स्प्रिंग गोळ्या वर ढकलते आणि तोंडाशी असलेले दोन ओठ वरची गोळी धरून ठेवतात, एका वेळी एकच सोडतात. “सगळा जीव या ओठांत आहे,” मॅडम म्हणायच्या. “जास्त फाकले तर दोन गोळ्या एकदम येऊन अडकतात, जास्त मिटले तर एकही येत नाही. दोन्हीकडे मरतो तो शिपाईच.” पत्र्याचं मॅगझिन दगडावर पडलं की चेपतं आणि चेपलेलंच राहतं. चांगलं प्लास्टिक दबतं आणि परत आपल्या जागी येतं. पण त्याची दुखणी वेगळी. कडक थंडीत ते तडकू शकतं, आणि गोळ्या भरून महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याचे ओठ हळूहळू उघडत जातात.

त्या पेटीचे मॅडमनी जे हाल केले, ते बघवत नसत. आईस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीजर आणला होता. त्यात गोठवलेलं मॅगझिन बाहेर काढून त्या काँक्रीटवर तोंडावर आपटायच्या, मग पायाकडून, मग कुशीवर. पत्र्याच्या छपरावर वैशाखाच्या उन्हात भाजायच्या. काळी माती कालवून आत कोंबायच्या. प्रेसवरच्या बबनला त्याच्या घरचा ट्रॅक्टर आणायला लावून त्यांनी त्याखाली मॅगझिनांची रांगच चिरडून घेतली. माझे वडील घोडेगावच्या बाजारात म्हशींचे दलाल होते. धार काढून बघितल्याशिवाय म्हैस घेऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, पण ही धार नव्हती, हा छळ होता. एखादा नमुना टिकला म्हणून मी खूश झाले की त्या म्हणायच्या, “चांगल्या दिवशी सगळंच चालतं, मंगल. वाईट दिवशी काय चालतं ते मला दाखव.”

एकदा दुपारच्या जेवणाला बबनने धीर करून विचारलं, “मॅडम, एवढं हाल तर कुनी जनावराचं बी करत न्हाई. लढाईत मॅगझिन कोन कशाला आपटंल?”

मॅडमनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. “शिपाई मॅगझिन आपटत नाही, बबन. शिपाईच आपटतो.”

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी नवऱ्याबद्दल सांगितलं. डॅनियल पुणतांब्याचे, निमलष्करी दलात, जंगलात नेमणुकीला. “ओढ्यातून चालले होते. वरून गोळीबार झाला. हे दगडांवर पडले, मॅगझिन अंगाखाली आलं. उठून नेम धरला, काही गोळ्या सुटल्या आणि रायफल अडकली. शेजारी जोडीदार होता. आपल्याजवळचं मॅगझिन यांच्याकडे द्यायला तो जरासा उठला आणि गोळी त्याच्या गळ्यातून गेली. यांनी एका हाताने त्याचा गळा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने रायफल झटकत राहिले. रक्त बोटांमधून येतच होतं आणि रायफल काही मोकळी होत नव्हती. मग वरचा एकजण खाली उतरला, हे मेलेत की नाही बघायला. कोवळा पोरगा होता. यांनी त्याला रायफलीच्या दस्त्याने मारलं. मेल्यावरही मारत राहिले. नंतर त्याचा चेहरा कुणाला ओळखता आला नाही.”

बबनचा घास हातातच राहिला होता.

“घरी आल्यावर?” मी विचारलं.

“घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली की माझा गळा धरायचे. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात दाराच्या फटीत घातला आणि दार लावलं. हा कोपर. माझे वडील आले, मला नगरला घेऊन आले, मी परत गेले नाही. ते पुणतांब्यालाच असतात, आईजवळ.”

मार सांगतानाही त्यांनी नवऱ्याला ‘त्यांनी’ म्हणणं सोडलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “म्हणजे हे सगळं त्या मॅगझिनपायीच...”

“नाही.” आवाज असा, की शेजारच्या बाकावरचे लोक वळले. “मॅगझिन अडकलं ते ज्याने बनवलं त्याचं पाप. माझा हात त्यांनी मोडला, ते त्यांचं पाप. एकाचं दुसऱ्याच्या पदरात घालायचं नाही.” आणि त्यांनी भाकरी पुन्हा उचलली.

सरकारी चाचणीसाठी पाठवायचा पहिला मोठा लॉट तयार झाला तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. माल दिसायला देखणा होता, मापात चोख होता. टेम्पो यायच्या दिवशी सकाळी मी सवयीने काही नग फ्रीजरमधून काढून मॅडमच्या हातात दिले. त्यांनी पहिलं आपटलं. ओठ तुटून उडाला. दुसरं आपटलं, तोच प्रकार. त्यांनी तुटलेली कड उजेडात धरली, बोटाने चाचपली आणि तडक मागच्या शेडमध्ये गेल्या. तिथे भंगार दळायच्या मशीनशेजारी रिकामी पिंपं पडली होती. तारीख गाठण्यासाठी शेठच्या पुतण्याने, सागरने, प्लास्टिकच्या नव्या दाण्यात दळलेलं भंगार मिसळलं होतं. असल्या मिसळीचा माल ठिसूळ होतो.

शेठनी ते नाकारलं नाही. “मॅडम, चाचणी भर उन्हात होनार हाय. तिथं बर्फ पडनार का?”

“चाचणीला नाही पडणार. पुढे पडेल.”

“पुढचं पुढं बघू. आधी आर्डर तर मिळू द्या.”

“माझ्या डिझाइनचा माल आहे हा.”

“डिझाइन तुमचं, कारखाना माझा. टेम्पो भरा रे!”

मॅडम वळल्या. टूलरूममध्ये गेल्या आणि घण घेऊन बाहेर आल्या. फाटकाजवळ क्रेट रचून ठेवले होते. त्यांनी पहिला क्रेट पायाने उलटा केला आणि घण घातला. मॅगझिनच्या ठिकऱ्या उडाल्या, स्प्रिंगा उसळून पत्र्यावर आदळल्या. दुसरा क्रेट. तिसरा. वाकडा डावा हात नुसता आधाराला, सगळा जोर उजव्यात. प्रत्येक घावाला छातीतून एक हुंकार.

सागर धावत आला. त्याने मागून त्यांचा डावा हातच धरला आणि पिरगाळला. मॅडम किंचाळल्या. तसली किंकाळी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. घण खाली पडला. त्या वळल्या आणि सागरने त्यांच्या थोबाडीत मारली, अशी की त्या क्रेटवर कोसळल्या आणि ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं.

पुढचं क्षणात झालं. बबन टेम्पोवरून उडी टाकून आला आणि त्याने सागरचं डोकं टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं. एकदा, परत एकदा. सागरच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो खाली पडला तर बबन लाथा घालायला लागला. “बाईवर हात टाकतो व्हय रं? बाईवर?” शेठ ओरडत होते, वॉचमन काठी घेऊन नुसताच नाचत होता. मला वाटलं, आता हा जातोय.

“बबन!” मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. “सोड त्याला. अरे, सोड म्हणते ना! तो मेला तर मी काय करू?”

बबन थांबला. धापा टाकत बाजूला झाला. मॅडमनी पदराने रक्त पुसलं, सागर श्वास घेतोय ना ते वाकून बघितलं, मला म्हणाल्या, “याला कुशीवर कर, रक्त घशात जाईल.” आणि घण उचलला. शेवटचा क्रेट फुटेपर्यंत कुणी पुढे आलं नाही. शेठही नाहीत.

मॅडमना आणि बबनला त्याच दिवशी काढलं. पोलिसांत शेठ गेले नाहीत. गेले असते तर भंगाराचंही निघालं असतं. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही तरी तक्रार द्या, थोबाडीत मारलंय. त्या म्हणाल्या, “दिली असती. पण मग बबन आत जाईल. त्याला लेकरं आहेत.” मीही पुढच्या महिन्यात नोकरी सोडली.

सुप्याच्या एका कंपनीने त्यांना घेतलं, आणि त्यांनी मला. तिथे नवा साचा, नवं डिझाइन. “जुनं शेठला राहू दे. डोकं मी बरोबर आणलंय.” ओठांच्या मुळाशी जाडी कशी वाढवायची, कोपरे किती गोल करायचे, दाणा किती सुकवायचा, यावर माणसं रडकुंडीला यायची. एका हुशार इंजिनिअर मुलीने एकदा, “एवढं कुणी तपासणार नाही, मॅडम,” असं म्हटलं. मॅडमनी तिला हातातलं मॅगझिन फेकून मारलं. ते भिंतीला लागलं, पण मुलगी डोक्यावर हात धरून खाली बसली होती. मॅडम स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मग तिच्यासमोर गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “मी चुकले. हे पुन्हा होणार नाही.” आणि झालं नाही. वस्तू आपटणं चालू राहिलं, माणसाच्या दिशेने मात्र त्यांनी काही भिरकावलं नाही.

सरकारी फायरिंग रेंजवर चाचणी झाली तेव्हा मी बरोबर होते. चिखलात पुरलेली, गोठवलेली, वर्षभर गोळ्या भरून ठेवलेली मॅगझिनं एकामागून एक रायफलीला लागली. तो आवाज पोटात घुसतो. समोरचे लक्ष्याचे पुतळे छातीपाशी फाटून लोंबायला लागले. सगळे टाळ्या वाजवत होते. मॅडम एकट्या त्या फाटलेल्या पुतळ्यांकडे बघत होत्या. “चालतंय,” एवढंच म्हणाल्या.

पुढे त्यांना परराज्यात मोठ्या पदाची नोकरी मिळाली. जायच्या आधी त्या मला घेऊन रेल्वेने पुणतांब्याला गेल्या. बरोबर कंपनीच्या परवानगीने घेतलेला, दाखवायचा नमुना होता. एका बाजूने कापून खिडकी केलेला, रायफलीला लावता न येणारा. आणि प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या.

डॅनियल अंगणात लिंबाखाली खाटेवर बसले होते. मोठा हाडापेराचा माणूस, दाढी पांढरी. मॅडमनी नमुना आणि गोळ्या खाटेवर ठेवल्या. त्यांनी तो उचलला. अंगठ्याला सगळं आठवत होतं. एकेक गोळी आत गेली. खिडकीतून ती रांग दिसत होती. मॅगझिनच्या ओठांवरून त्यांनी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

“थंडीत ठिवून बघितलं का?”

“बघितलं.”

“दगडावर?”

“दगडावर, ट्रॅक्टरखाली. वर्षभर भरून ठेवलं.”

ते उठले. मॅगझिन धरलेला हात एकदम वर गेला, डोक्याच्या वर. मी मागे सरले. म्हातारी सासू दारातून ओरडली, “डॅनियल!” मॅडम होत्या तिथेच उभ्या. हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.

“रूथ,” ते म्हणाले, “हे तवा का न्हाई केलंस?”

“तेव्हा मी नुसती तुमची बायको होते.”

ते खाटेवर बसले आणि तोंड झाकून, मोठ्याने, लहान पोरासारखे रडले. मॅडम जवळ गेल्या नाहीत आणि दूरही गेल्या नाहीत. रडणं थांबेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. मग नमुना पिशवीत घातला, सासूने आणलेला चहा अंगणातच प्यायल्या आणि आम्ही निघालो.

स्टेशनच्या बाकावर त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. मी उघडून दिलं. पाणी प्यायल्या, तोंडावर मारलं.

“मंगल, त्यांनी हात उचलला तेव्हा मी हलले का गं?”

“नाही, मॅडम.”

“जराही नाही?”

“जराही नाही.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि गाडी येईपर्यंत आपला वाकडा हात मांडीवर घेऊन, झोपलेल्या लेकराला थोपटावं तशा थोपटत राहिल्या.