देवघराशेजारची जागा

आमच्या पेठेत जुने लॅपटॉप घेणारा-विकणारा एक गृहस्थ आहे. किंमत सांगण्याआधी तो लॅपटॉप उलटा करून जाळीत फुंकर मारतो आणि उडालेल्या धुळीवरून घर ओळखतो.

माझा जुना देऊन जरा बरा घ्यावा म्हणून मी गेले. त्यानं फुंकर मारली, सुताची धूळ उडाली.

"घरात माग हाय व्हय, ताई? ह्यो म्हातारा न्हाय झाला, गुदमरलाय."

त्यानं ब्रशनं पंखा साफ केला, थोडी रॅम वाढवली आणि मी पसंत केलेला लॅपटॉप सरळ कपाटात परत ठेवला.

"पण आमच्याकडं सूत उडणारच की," मी म्हणाले.

"मग देवघराशेजारी ठेवा. तितं तरी रोज पुसता न्हवं?"

आता रोज सकाळी देवांच्या आधी त्याच्यावर फडकं फिरतं.