पहिल्या पाळीचं वाक्य

“घाई नाय ताई. आधी वाचून दाखवा.”

खालापूरच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. तिथे सहीची घाई सगळ्यांनाच असते, हे तुम्हीही पाहिलं असेल. साहेब जेवायला उठायच्या आत शिक्का हवा, परतीची गाडी चुकायला नको. माणसं मी बोट ठेवीन तिथे सही करून मोकळी होतात. त्या गर्दीत हे एकटेच पेन खिशात ठेवून उभे होते. पन्नाशीचे, केस पांढरे, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

रेशनकार्डावर नाव पुन्हा चढवायचा अर्ज होता. मी वाचून दाखवला. मग त्यांनी तो हातात घेतला आणि ओळीखाली नख फिरवत स्वतः वाचला.

“हितं कामानिमित्त बाहेरगावी लिवलंय. मी बाहेरगावी नव्हतो, तुरुंगात होतो. तसं लिवा.”

“तसंच लिहू?”

“खरं हाय ते लिवायला काय हरकत? नऊ वर्षं. त्यातली सहा फाशीची.”

माझे हात थांबले. ते मात्र शांतपणे पुढची ओळ वाचत होते.

पुढे हळूहळू सगळं कळलं. खालापूरजवळच्याच एका गावातले ते. डोंगरापलीकडे एका फार्महाऊसवर माळी होते. तिथल्या मालकीणबाईंचा खून झाला. सकाळी झाडांना पाणी घालायला गेले तेव्हा त्यांनीच आधी पाहिलं आणि त्यांनीच धावत जाऊन पोलिसांना सांगितलं. त्यांनाच धरलं. चौथ्या दिवशी कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. त्यातल्या एका कागदावर नंतर असं लिहिलं गेलं, की आरोपीने दोन पंचांसमोर ओढ्यातून कोयता काढून दिला. खालच्या कोर्टाने फाशी दिली, वरच्या कोर्टाने ती कायम केली.

“चौथी शिकलेलो मी. सही येत व्हती, तीच नडली,” ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

तुरुंगात त्यांनी वाचन पक्कं केलं. कशासाठी? स्वतःच्या खटल्याचे कागद वाचायला. रोज चार पानं. अडलेला शब्द भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे आणि फिरतीवर येणाऱ्या गुरुजींना विचारायचे. असं वाचत वाचत एका पंचाच्या साक्षीत, उलटतपासणीत, एक वाक्य त्यांना सापडलं. ‘त्या दिवशी मी मोहोपाड्याला कंपनीत पहिल्या पाळीला होतो.’ पंचनामा सकाळी दहाचा. मग तोच माणूस त्याच वेळी ओढ्यावर कसा?

वाक्य पहिल्यापासून कागदात होतं. कोणी त्याच्यापाशी थांबलंच नव्हतं. त्यांनी ते पोस्टकार्डावर उतरवून अपिलासाठी सरकारने दिल्लीत मोफत दिलेल्या वकीलबाईंना पाठवलं. बाईंनी तो धागा ओढला, तशी एकेक गाठ सुटत गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. घरी आले तेव्हा आई नव्हती. ती दोन वर्षांपूर्वीच गेली होती. विहारातल्या बायकांनी तिचं लुगडं घडी घालून ठेवलं होतं, ते त्यांच्या हाती दिलं.

रेशनकार्डाचं काम झालं तरी ते येत राहिले. एक म्हातारी अर्ज उलटा धरून उभी होती, तिला त्यांनी तो वाचून दिला. दुसऱ्या दिवशी घरून स्टूल आणलं आणि माझ्या टेबलाच्या कडेला बसले. वाचून देणं एवढंच त्यांचं काम. लोक आधी वैतागायचे. “काका, गाडी जाईल ना,” म्हणायचे. “दुसरी येती,” हे शांतपणे सांगायचे, “सही परत येत नाय.”

वाचायचा नाद असा, की वडापावचा कागदसुद्धा सुटायचा नाही. एकदा बातमी अर्धीच होती, तर गाडीवाल्याकडे जाऊन विचारलं, “ह्याचा दुसरा तुकडा कुणाच्या वड्याला गेला रं?”

गेल्या हिवाळ्यात एक वाळलेला म्हातारा पेन्शनचा हयातीचा दाखला करायला आला. मी कागद टाइप करून नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे दिला. त्यांनी नाव वाचलं, गाव वाचलं आणि नख तिथेच थांबलं.

“मोहोपाड्याला कंत्राटी व्हता तुमी?”

“व्हतो.”

“पयल्या पाळीला?”

म्हाताऱ्याने मान वर केली. त्यांचा चेहरा ओळखला असावा. मग टेबलाची कड घट्ट धरून म्हणाला, “कागद कोरा व्हता. ओढ्यावर गेलोच नव्हतो मी. भ्यालो, केली सही.”

“माझा पन कोराच व्हता. मी पन भ्यालो.”

“पेपरात तुमच्या फाशीचं वाचलं. तवापासून घरात पेपर घेतला नाय. मला वाटलं, माझ्यापायी गेलात तुमी.”

हे आता काय बोलतील? नऊ वर्षं, आई, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यांनी उठून आधी म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं.

“कोर्टात तुमी पाळीचं खरं सांगितलंत. ते ऐकलं नाय कुणी, त्याला तुमी काय करणार? पन लिवलं गेलं. त्याच्यावर तर मी सुटलो.”

म्हातारा रडला. त्यांनी रडू दिलं. नंतर कागद त्याच्यापुढे सरकवला. “हितं लिवलंय, मी हयात आहे. बरोबर हाय. करा आता सही.”

त्या दिवशी दोघं एकाच रिक्षाने मोहोपाड्याला म्हाताऱ्याच्या घरी जेवायला गेले.

या वर्षी वकीलबाईंनी त्यांना विचारलं, तुरुंगातल्या कैद्यांना त्यांच्या खटल्याचे कागद वाचून द्यायला याल का, दर गुरुवारी? त्यांनी चार दिवस उत्तर दिलं नाही. टेबलाशी आले, लोकांचे कागद वाचून दिले, गेले. पाचव्या दिवशी म्हणाले, “जातो.”

पहिल्या गुरुवारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. इस्त्रीचा सदरा, काखेत पिशवी, खिशात नवा चष्मा.

“भीती नाही वाटत, त्या दारातून परत आत जायची?”

“वाटती की. रातभर झोप नाय.” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “पन आत एक बाबा हाय, माझ्या बराकीतला. त्याच्या खटल्याच्या कागदांचा गठ्ठा अजून कुणी सोडलेला नाय, ताई.”

पनवेलची बस लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि मला हातानेच ‘जा आता’ म्हणाले.

टेबलाशी परतले तेव्हा कचेरीपुढे गर्दी जमली होती. त्यांच्या स्टुलावर मी माझी पिशवी ठेवली. नाहीतर तिथे कुणीही येऊन बसतं.