भट्टीपुढं कुडकुडणारा पाववाला

भट्टीसमोर उभं राहून थंडी वाजणारा पाववाला त्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला. उन्हाळा ऐन भरात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि हा गडी स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून पाव भाजतोय.

"काय हो, भट्टी विझली की काय?" गिऱ्हाइकं विचारायची.

"भट्टी पेटलीय. मीच विझलोय," तो म्हणायचा. सगळे हसायचे, तो मात्र हसायचा नाही. कारण मागं एकदा तो खरोखरच विझला होता. भिंतीकडं तोंड करून बसला तो बसलाच. ना जेवण, ना बोलणं. बायको आणि थोरली बहीण, दोघींनी मिळून दुकान कसंबसं रेटलं. मग डॉक्टरीणबाईंनी उदासीवरच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू माणूस परतला. पाव भट्टीत सरकवताना शीळ घालू लागला. त्या गोळ्यांना तो जिवापाड जपायचा.

आता मात्र अंग जड, चेहरा सुजलेला, वाक्य अर्ध्यावर आलं की डुलकी. त्यात पावांनी दगा दिला.

त्याच्याकडं तापमापक कधीच नव्हता. त्याचं कपाळ हाच तापमापक. घाम आला की खोली ऊबदार, पीठ लवकर फुगणार. घाम नाही तर गारठा, यीस्ट वाढवायचं, पीठ जास्त वेळ ठेवायचं. आता घाम येईचना. म्हणून भर उन्हाळ्यात तो पिठाला हिवाळ्याचं यीस्ट आणि हिवाळ्याचा वेळ देत राहिला. एका पहाटे बायकोनं दार उघडलं आणि ओरडली, "अहो, धावा! पीठ घर सोडून चाललंय!"

पीठ परातीतून उतरून, टेबलावरून ओघळत उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं.

"त्या गोळ्यांचाच प्रताप!" ताई कडाडली. "फेकून दे आधी!"

त्यानं डबी छातीशी धरली. "ताई, परत त्या भिंतीपाशी नाही बसायचं मला."

"भांडता काय? विचारून येऊ," बायको म्हणाली, आणि तिघं निघाले.

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड ग्रंथी मंदावली होती; थंडी, सूज, झोप, घाम न येणं, सगळं त्यातूनच.

"या गोळ्यांमुळंच ना?" ताईनं विचारलं.

"असेल, नसेलही. काहींच्या बाबतीत या औषधांनी थायरॉईडच्या तपासणीत फरक दिसतो. उलट थायरॉईड मंदावली की माणूस उदासही होतो. यांच्यात आधी काय बिघडलं, ते आज सांगता येणार नाही. पण ही गोळी स्वतःहून बंद करू नका. थायरॉईडची वेगळी देते, सकाळी उपाशीपोटी. काही आठवड्यांनी परत रक्त तपासू."

"घ्या! एक बंद करायला आलो, दोन घेऊन चाललो!" ताई वाटभर धुसफुसत राहिली.

घरी आल्यावर त्यानं जुनी डबी उघडली आणि तसाच थांबला. ताई समोरच उभी होती. थोरल्या बहिणीच्या शब्दाबाहेर तो आजवर गेला नव्हता.

 ताईनं माठातून पाणी काढून पेला त्याच्यापुढं धरला.

"घे बाबा. पाव बिघडला तर फेकून देऊ. पण तू गप्प बसलास, तर मी भांडू कुणाशी?"

त्यानं गोळी गिळली आणि म्हणाला, "मग आज काय विषय घेऊया?"